चिमटीने रंग, मिलिग्रॅमने नियम

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणपती-दिवाळीच्या तोंडावर मिठाईच्या दुकानांवर छापे पडतात, नमुने जातात आणि 'रंगाची भेसळ' असा मथळा येतो. या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. खाण्याचा नसलेलाच रंग वापरणे ही एक, आणि परवानगी असलेला रंग प्रमाणाबाहेर पडणे ही दुसरी. पहिलीला दयामाया नकोच. बेसनात वा हळदीत मेटॅनिल यलो, 'म्हातारीच्या केसां'त रोडामाईन-बी, मिरचीपुडीत सुदान हे कापड-कातड्याचे किंवा तेला-मेणाचे रंग आहेत, आणि असा पदार्थ कायद्याने 'असुरक्षित' ठरतो. रोडामाईनमुळेच 2024 च्या फेब्रुवारीत पुदुच्चेरी आणि तमिळनाडूने कॉटन कँडीवर बंदी घातली. दुसरी गोष्ट मात्र अनेकदा योग्य काटा नसल्यामुळे घडते, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

आपल्याकडे मिठाईत चालणारे कृत्रिम रंग आठ: टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन, पॉन्सो 4आर, एरिथ्रोसिन, इंडिगो कार्माइन, ब्रिलियंट ब्लू आणि फास्ट ग्रीन. मर्यादा तयार मालाच्या दर किलोला 100 मिलिग्रॅम, आणि तीही सगळे रंग मिळून. पिस्ता बर्फीचा हिरवा म्हणजे सहसा टार्ट्राझिन आणि ब्रिलियंट ब्लूचे मिश्रण. दोन रंग आहेत म्हणून 200 ची मुभा मिळत नाही.

आता कारागिराची चिमूट पाहा. बारीक भुकटीची एक चिमूट पाव ते अर्धा ग्रॅम भरते, म्हणजे 250 ते 500 मिलिग्रॅम. भुकटी कडक, म्हणजे जवळजवळ निव्वळ रंगाची असेल तर एक किलो बर्फीला ती चिमूट मर्यादेच्या अडीच ते पाचपट झाली. दुकानातला काटा पाच-दहा ग्रॅमच्या खाली नीट दाखवतच नाही, मग सगळे अंदाजपंचे. त्यात डब्यांची गंमत वेगळीच. किराणा दुकानातल्या स्वस्त डबीत रंग थोडा आणि मीठ किंवा तत्सम भरणा जास्त असतो. घाऊक पेठेतल्या कडक भुकटीत शुद्ध रंग 85 टक्क्यांच्या पुढे. पुरवठादार बदलला, हात तोच राहिला, की नमुना नापास.

उपाय सोपा आहे. सोनाराकडे असतो तसा 0.1 ग्रॅमपर्यंत वाचणारा छोटा काटा घ्यावा. 10 ग्रॅम कडक भुकटी उकळून गार केलेल्या थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवून एकूण द्रावण एक लिटर करावे. या द्रावणाच्या 1 मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम भुकटी येते. आठ किलो बर्फीला किलोमागे 50 मिलिग्रॅम हवे असतील तर 40 मिलिलिटर, मोजपात्राने. मर्यादेच्या निम्म्यावर थांबणेच शहाणपणाचे, आणि डोळ्याला तेवढा रंग भरपूर दिसतो. द्रावण काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात, फ्रिजमध्ये ठेवावे आणि दोन-तीन दिवसांत संपवावे, नाहीतर त्यावर बुरशी धरते. कोरडी भुकटी खव्यावर भुरभुरली तर गाठी राहतात, आणि तपासनीसाने नेमका तो तुकडा उचलला की संपले.

हिशेब चुकण्याची आणखी एक जागा आहे. मर्यादा तयार मालावर असते, कढईतल्या मिश्रणावर नाही. दहा किलो मिश्रणाला बरोबर 1 ग्रॅम शुद्ध रंग घातला आणि आटून आठ किलो बर्फी उतरली, तर किलोमागे 125 मिलिग्रॅम झाले. रंग शेवटी घाला, किंवा उतरणाऱ्या वजनावर मोजा. जिलेबीच्या पिठातही रंग आणि पाकातही रंग, ही सवय तर मोडायलाच हवी. केकमधली टुटीफ्रुटी, चेरी, तयार कस्टर्ड पावडर आपापला रंग घेऊनच येतात, तोही बेरजेत धरावा.

'मग नैसर्गिक रंग वापरा' हा सल्ला देणाऱ्यांनी एकदा कढईजवळ उभे राहावे. बिटाचा रंग उष्णतेत तपकिरी पडतो. हळद उजेडात उडते आणि सोडा पडलेल्या पिठात लालसर होते. शेंद्रीच्या बियांचा (अनाटो) पाण्यात विरघळणारा रंग आंबलेल्या, आंबट पिठात साका धरतो. कृत्रिम रंगांचेही नखरे आहेत: एरिथ्रोसिन लिंबाच्या सरबतात तळाशी बसतो, इंडिगो कार्माइन उन्हात फिका पडतो. रंग बदलायचा तर पाककृतीच बदलावी लागते, आणि लहान कारखानदाराला ते शिकवणारे कोणी नाही.

मसाल्यात मात्र कृत्रिम रंगाला जागाच नाही. मिरचीपूड सैल विकत घेणाऱ्या फरसाणवाल्याने पुरवठादाराकडून लॉटगणिक सुदानचा तपासणी अहवाल मागावा. 2005 मध्ये ब्रिटनमध्ये भारतातून गेलेल्या मिरचीपुडीतला सुदान-1 एका सॉसमध्ये उतरला आणि शेकडो तयार पदार्थ दुकानांतून मागे घ्यावे लागले.

दिवाळीचे डबे परदेशी पाठवणाऱ्यांचा पेच आणखी वेगळा. अमेरिकेत कार्मोइसिन आणि पॉन्सो 4आर चालतच नाहीत. एरिथ्रोसिनची परवानगी जानेवारी 2025 मध्ये काढली गेली आणि खाद्य उत्पादकांना 15 जानेवारी 2027 पर्यंत मुदत मिळाली. युरोपात फास्ट ग्रीनला मान्यता नाही, आणि आपल्या आठांपैकी चार रंगांवर मुलांच्या चंचलतेविषयी इशारा 2010 पासून छापावा लागतो. एकच गुलाबी बर्फी तिन्हीकडे जाईल ही आशा सोडावी.

इथे लेबलवर रंगाचा आयएनएस (आंतरराष्ट्रीय ओळख) क्रमांक आणि 'परवानगी असलेला कृत्रिम रंग आहे' ही घोषणा नसेल, तर माल निर्दोष असूनही 'मिथ्याछाप' (सदोष लेबलचा) ठरतो आणि दंड 3 लाखांपर्यंत जातो. नमुन्याचे चार भाग होतात. त्यातला एक स्वखर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, असे उत्पादकाला त्याच वेळी सांगता येते. विश्लेषकाच्या अहवालाविरुद्ध 30 दिवसांत अपील करता येते. हे माहीत नसल्याने पुष्कळजण अहवाल हाती पडल्यावर नुसते बसून राहतात.

अन्न व औषध प्रशासनाला एवढीच विनंती की छापे सणाला पडोत, पण काटा आणि द्रावणाचे प्रात्यक्षिक आषाढातच, तालुक्याच्या ठिकाणी, कारागिरांसमोर व्हावे. मालकांसमोर नव्हे, कारण रंग मालक घालत नाही. आणि रंगाच्या प्रत्येक डबीवर मराठीत, ठळक अक्षरांत एक ओळ सक्तीची करावी: या डबीतील 1 ग्रॅम भुकटी जास्तीत जास्त किती किलो मिठाईला पुरते.

आपला,
एक अन्नतंत्रज्ञ, सांगली