नाटकाच्या ध्वनिमुद्रणात प्रेक्षकही हवा

महोदय,

जुनी नाटकं हल्ली मोबाइलवर ऐकायला मिळतात. स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेली स्वच्छ असतात, पण मला गोडी भरल्या नाट्यगृहातल्या ध्वनिमुद्रणाची. विनोदावर आधी पुढच्या रांगा हसतात, मग बाल्कनी. नट थांबतो आणि हशा पुरता ओसरायच्या आत पुढचं वाक्य टाकतो. ही थांबायची जागा संहितेत लिहिलेली नसते. पदाला ‘वन्स मोअर’ आला की ऑर्गनवाला मुखडा पुन्हा धरतो, तेही ऐकू येतं. (खोकणारे आणि रडणारं पोर फुकटात!)

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि आपले कोल्हापूरचे केशवराव भोसले हे दोन गायक-नट ‘संयुक्त मानापमाना’त, म्हणजे दोघांच्या मंडळ्यांनी मिळून केलेल्या ‘मानापमान’ नाटकाच्या प्रयोगात, एकत्र उभे राहिले. तो प्रयोग आपण फक्त वाचायचा. तेव्हाच्या ग्रामोफोनच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. पुढे कॅसेट आली आणि ती अडचण सरली. पण घरोघरी कपाटात पडलेल्या फितींना इथल्या पावसाळ्यात बुरशी धरते, त्याचं काय?

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत जळालं. ते नव्यानं उभारताना ध्वनिमुद्रणाची कायमची सोय व्हावी. रंगमंचासाठी वेगळे माइक, प्रेक्षागृहासाठी वेगळे. अर्थात कलाकार-निर्मात्यांची लेखी परवानगी घेऊनच. जुन्या फिती शिवाजी विद्यापीठाच्या संगीत व नाट्यशास्त्र विभागानं गोळा करून डिजिटल कराव्यात. माझ्याकडच्या कॅसेट द्यायला मी तयार आहे. मूळ प्रती तेवढ्या परत मिळाव्यात.

– एक नाट्यरसिक, मंगळवार पेठ, कोल्हापूर