आईच्या तीन बटणांसाठी, काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

समोर येऊन बोलायला लागले की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता. म्हणून हे लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. घरातल्या आजारी माणसासाठी असं काही जोडू पाहणारे आणखीही कुणी असतील. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांच्याही हाती लागावं.

अर्धांगवायूत आईची वाचा गेली आणि उजवा हात गेला. डावा चालतो, पण थरथरतो. तिच्यासाठी मी रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला तीन बटणं जोडली होती: पाणी, बाथरूम आणि इकडे ये. दाबलं की स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर माझ्या लेकीच्या आवाजात "आजीला पाणी हवंय" असं ऐकू यायचं. टेबलावर ब्रेडबोर्डवर, म्हणजे झाळकाम न करता तारा खोचून जोडायच्या पट्टीवर, सगळं छान चाललं. आईच्या पलंगापाशी नेलं आणि बिनसलं. एकदा दाबलं की तीनदा वाजे, कधी चार वेळा दाबूनही काही नाही, आणि पहाटे टाकीची मोटर सुरू झाली की कुणी हात न लावता "बाथरूम". आठवड्याभरात आम्ही त्या आवाजाकडे कानाडोळा करायला लागलो. लांडगा आला रे आला, तशी गत झाली. एका पहाटे आईने खरंच बोलावलं होतं आणि कुणीच उठलं नाही. त्या दिवसापासून तिने बटणाला हात लावणं सोडलं. ते आठवलं की मला अजून गलबलून येतं.

तुम्ही वर आलात तेव्हा मी लॅपटॉप उघडून प्रोग्रॅम दाखवायला लागले. तुम्ही म्हणालात, "ते नंतर. आधी वायर दाखव." बॅटरी घेऊन तुम्ही पलंगाखाली शिरलात. सहा मीटर साधी वायर, घरातल्या लाइटच्या पट्टीला चिकटून नेलेली. बाहेर येऊन म्हणालात, "बटण नीट चालत नाही असं तू म्हणतेस, पण ही दुखणी तीन आहेत. एकेक वेगळं काढू."

पहिलं दुखणं मोटरचं. बटणाची तार पायच्या ज्या पिनला जोडली होती, ती पिन बटण सुटलेलं असताना कशालाच बांधलेली नव्हती, लोंबकळत होती. अशी पिन आजूबाजूचा सगळा गोंगाट झेलते, आणि सहा मीटर वायर म्हणजे तिची अँटेनाच. पायच्या आतला पुल-अप, म्हणजे सुटलेल्या पिनला ३.३ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर, मी चालू केला, तर त्रास कमी झाला, थांबला नाही. आतला पुल-अप साधारण ५० किलोओहमचा. एवढ्या लांब वायरला तो कमकुवत पडतो. तुम्ही बाहेरून ३.३ व्होल्टला १ किलोओहमचा रेझिस्टर लावायला सांगितलात. मी म्हटलं, मग ५ व्होल्टच देऊ का, सिग्नल आणखी जोरात येईल. तुम्ही माझा हात धरलात. पायच्या पिना ५ व्होल्ट सोसत नाहीत. त्या क्षणी तुम्ही नसतात तर मी पिन जाळून बसले असते.

त्याच रेझिस्टरने दुसरं दुखणंही गेलं, हे मला फार नवल वाटलं. दाबूनही न वाजण्याचं कारण बटणाच्या आत होतं. संपर्काच्या पत्र्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तो मोडायला थोडा करंट लागतो. ५० किलोओहममधून जेमतेम ६६ मायक्रोअँपिअर जात होता, १ किलोओहममधून ३.३ मिलिअँपिअर जातो. मी इतके दिवस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत होते!

वायरही तुम्ही बदलायला लावलीत. लॅनची केबल, पिळाच्या चार जोड्यांची. प्रत्येक बटणाला आपली जोडी, सिग्नलच्या तारेबरोबर तिचीच ग्राउंडची, म्हणजे शून्य व्होल्टची, तार. पायच्या पिनच्या तोंडाशी १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १०४ चा, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरॅडचा, सिरॅमिक कपॅसिटर. ही झाली १ मिलिसेकंदाची गाळणी, गोंगाटाचे बारीक झटके अडवणारी.

तीनदा वाजण्याचं कारण तुम्ही मला माझ्याच हाताने शोधायला लावलंत. पिनची स्थिती बदलली की वेळेसकट एक ओळ छाप, म्हणालात. एकदाच दाबलं आणि आठ मिलिसेकंदांत अकरा ओळी पडल्या. मी बघतच राहिले. ओट्यावर स्टीलचं झाकण ठेवलं की ते स्थिर व्हायच्या आधी थरथरतं, तसं बटणातल्या पत्र्याचं होतं, हे तुम्ही झाकण ठेवूनच दाखवलंत. आता प्रोग्रॅम दर ५ मिलिसेकंदांनी पिन वाचतो आणि लागोपाठ सहा वेळा तेच दिसलं तरच खरं मानतो. ३० मिलिसेकंद माणसाला जाणवतही नाहीत.

एवढ्यावर माझं काम झालं असं मला वाटलं होतं. तुम्ही मात्र खुर्ची ओढून आईपाशी बसलात. "वहिनी, दाबा बघू." मी स्क्रीनकडे बघत होते, तुम्ही तिच्या हाताकडे. तिचं बोट बटणावर टेकलं, उचललं गेलं, पुन्हा टेकलं, अर्ध्या सेकंदात. हे पत्र्याचं थरथरणं नव्हतं, तिच्या हाताचं होतं, आणि पिनच्या लेखी दोन्ही दाब खरेच. कुठला कपॅसिटर ते गाळणार? तुम्ही सुचवलंत, एकदा निरोप गेला की तीन सेकंद तेच बटण ऐकायचं नाही. मग तुम्ही आणखी एक टिपलंत: निरोप पोचला की नाही हे कळत नाही म्हणून ती जीव खाऊन दाबून धरते. केबलची चौथी जोडी रिकामी होती. तिच्यावर ३३० ओहम लावून एक छोटा हिरवा एलईडी बसवलात. बटण मानलं गेलं की तो लगेच पेटतो.

माझी इवलीशी चार पायांची बटणंही तुम्ही काढायला लावलीत. पुण्याला गेले तेव्हा पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून ६० मिलिमीटरची घुमटाची बटणं आणली, खाली मायक्रोस्विच असलेली. दाबलं की स्पष्ट "टक्" होतं. आई ती तळहाताने दाबते.

काका, तीन महिने झाले. मोटर रोज पहाटे सुरू होते आणि स्पीकर गप्प असतो. आवाज आला की आता आम्ही हातातलं टाकून उठतो, कारण तो आईचाच असतो. पहिल्या दिवशी दिवा पेटला तेव्हा ती माझ्याकडे न बघता त्या दिव्याकडे बघत राहिली, तो विझला, तिने पुन्हा दाबलं. पाणी नको होतं तिला. मी तरी पेला घेऊन गेले.

तुम्ही चहाखेरीज काही घेतलं नाहीत. रेझिस्टरसुद्धा तुमच्याच डब्यातले होते. तुमचा मल्टिमीटर अजून माझ्याकडे आहे, रविवारी खाली आणून देते. घरात सर्वांना नमस्कार.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची मुलगी