मागच्या बाकावर बसणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न.

बडोद्याच्या दांडिया बाजारातून दर शनिवारी येऊन तुम्ही मागच्या बाकावर बसून आमचे वर्ग पाहिलेत, आणि मुलांदेखत एकदाही आम्हाला टोकलं नाहीत. याचे आभार आहेतच. पण जास्त आभार तुमच्या वहीतल्या तीन रकान्यांचे: आधी काय झालं, मुलानं काय केलं, नंतर आपण काय केलं. शेजारी घड्याळातली वेळ.

तिसरीतला एक मुलगा वाचनाच्या तासाला शेजाऱ्याची पेन्सिल ओढायचा आणि त्याला दाराबाहेर उभं केलं जायचं. पाच दिवसांच्या नोंदी एकाखाली एक ठेवल्यावर दिसलं, की खोडी दर वेळी त्याच्या वाचनाच्या पाळीआधी दोनच मुलं उरली की सुरू होते. बाहेर काढलं की वाचनातून सुटका! म्हणजे खोडीला बक्षीस आपणच देत होतो. तुमचा उपाय साधा: आदल्या दिवशी चार ओळी घरी द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच चार वाचून घ्यायच्या. पाच दिवस भरल्याशिवाय कारण ठरवायचं नाही, हेही तुम्ही बजावलंत. घाईनं काढलेलं कारण बहुतेक वेळा मुलाच्या घरावर जाऊन थांबतं.

शाबासकीचंही तसंच. आपल्या बडोद्यात वर्गात गुजरातीतलं ‘बहु सरस’ (फार छान) इतक्यांदा म्हटलं जातं, की मुलांच्या कानांना ते फळा पुसण्याच्या आवाजासारखं झालंय. (आणि मराठीत ‘सरस’ म्हटलं की कुणापेक्षा, हा प्रश्न आलाच!) ‘न सांगता वही उघडलीस’, ‘हात वर करून थांबलास’ असं केलेलं काम नाव घेऊन सांगायचं, तेही लगेच. तासाच्या शेवटी वाटलेलं कौतुक कशाबद्दल होतं, हे पहिलीच्या मुलाला उमगत नाही. ‘हुशार आहेस’ तर टाळायचंच. हुशारी जाईल या भीतीनं मूल अवघड गणिताला हात लावत नाही.

चांदण्यांचा तक्ता काढून चिंचोक्यांची बरणी ठेवायला लावलीत, तेव्हा आम्ही मनातून हसलो होतो. तक्त्यावर पंधरवड्यात त्याच पाच नावांपुढे चांदण्या साचतात आणि तळाची मुलं नाद सोडतात. बरणी सगळ्या वर्गाची: कुणीही चांगलं काम केलं की आत एक चिंचोका. पहिली बरणी मात्र लहान हवी, तीन-चार दिवसांत भरणारी. लोणच्याची मोठी बरणी ठेवली तर आठवड्यात उत्साह संपतो. भरली की दहा मिनिटं खेळ, चॉकलेट नाही. आणि आत पडलेला चिंचोका कधीही बाहेर काढायचा नाही. एकाच्या चुकीसाठी काढला, तर मधल्या सुट्टीत बाकीचे त्याला धारेवर धरतात.

बारीकसारीक गोष्टी तर कितीतरी. मुलं आत येण्याआधी फळ्यावर दोन उदाहरणं तयार, हजेरी नंतर. नियम चारच, आणि ‘ओरडू नका’ऐवजी ‘हात वर करून बोला’. वह्या मागच्या बाकावरून पुढे सरकवण्याचा सराव पहिल्या आठवड्यात रोज. प्रश्न विचारल्यावर मनात तीनपर्यंत मोजायचं. चुकलेल्या मुलाजवळ जाऊन, वाकून, हळू आवाजात एक वाक्य बोलायचं आणि लगेच पुढे निघायचं. तिथेच उभं राहिलं तर सगळ्या वर्गासमोर माघार घेणं त्याला जड जातं.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं मारणं आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी घातली. छडीच्या जागी सकाळी साडेसात वाजता नेमकं काय करायचं, ते तुमच्या वहीतून कळलं.

आपल्या नम्र,
पहिली ते चौथीच्या शिक्षिका, बडोदे

ता. क. नवरात्र जवळ आलंय. गरब्याहून उशिरा परतलेली मुलं सकाळी पेंगतात, चिडतात. त्या दिवसांच्या नोंदींपुढे वेगळी खूण करणार आहोत, नाहीतर झोपेचा दोष मुलाच्या स्वभावावर जायचा. पहिल्या तासाला श्रुतलेखन ठेवलेलं नाही. उभ्यानं पाढे घेणार आहोत.