संडे स्कूल शिक्षकांसाठी सूचना

सर्व शिक्षक व मदतनीसांना प्रभूमध्ये सलाम. येत्या रविवारी चर्चमध्ये मुलांचे नवे वर्ग सुरू होत आहेत. उपासनेच्या अर्धा तास आधी वर्गात हजर राहा.

– प्रत्येक वर्गात दोन मोठी माणसं हवीतच. दुसरं कोणी आलं नाही, तर मुलं शेजारच्या वर्गात बसवा. एकट्याने वर्ग घेऊ नका, मग ओळख कितीही जुनी असो.

– मूल पालकांकडे सोडताना त्यांच्याकडच्या चिठ्ठीचा नंबर जुळवा. उपासना सुटली की दारात एकदम गर्दी होते आणि चूक तिथेच होते. एकाने दारात थांबावं, मुलं बसलेलीच असू द्या. नाव पुकारलं की एकेकाला उठवा.

– धडा: बायबलमधील मार्क 10:13-16 (येशू लहान मुलांना आशीर्वाद देतो). लहान गटाला गोष्ट सात-आठ मिनिटांतच सांगा, सुवर्णवचन (पाठ करायचं बायबलचं वचन) हातवारे करून घ्या.

येणं जमणार नसेल तर शुक्रवारपर्यंत सुपरिंटेंडेंटना कळवा.