पंपरूममागचे खताचे ड्रम परत ठेवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यकारिणी

विषय : नववी-दहावीच्या मुलांचे खताचे ड्रम परस्पर हलवल्याबाबत
संदर्भ : माझे याआधीचे तीन अर्ज

सप्रेम नमस्कार.

हे माझं चौथं पत्र. पहिल्या तिन्ही पत्रांची पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचंही नाही. उपविधींप्रमाणे लेखी तक्रारीवर पुढच्याच सभेत निर्णय घेऊन तो सभासदाला कळवायचा असतो. या काळात कार्यकारिणीच्या तीन सभा झाल्या. मला भांडण नकोय, कधीच नको होतं. पण आता गप्प बसले तर जिन्यात भेटणाऱ्या त्या मुलांना काय सांगू, हे मला कळत नाही.

जूनमध्ये आपल्याच इमारतीतली पाच मुलं आपल्याकडे अर्ज घेऊन आली होती. शाळेत हवामान बदलावर प्रकल्प केला, तो वहीत न ठेवता इथे करून बघायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं. "करा, पण घाण नको," असं आपण म्हणालात. मी तिथेच उभी होते.

मुलांनी पंपरूमच्या मागे तीन ड्रम ठेवले, हवा खेळावी म्हणून त्यांना चहूबाजूंनी भोकं पाडली. शाळेला जायच्या आधी अकरा घरांचा ओला कचरा काट्यावर तोलून आत टाकायचा, वर वाळक्या पानांचा जाड थर द्यायचा, दर तीन दिवसांनी सळईने ढवळायचं. वहीत तारखेनिशी नोंद. एकदा मी स्वतः झाकण काढून आत हात घातला. वाफ येत होती, मधला थर इतका गरम की हात पटकन मागे घ्यावा लागला. वास होता तो ओल्या पानांचा.

तळमजल्यावरच्या सभासदांचं म्हणणं, दुर्गंधी येते. चार दिवस आली होती, मी नाकारत नाही. मोठ्या पावसात एका ड्रमचं झाकण उडालं आणि आत पाणी साचलं. पाणी भरलं की हवा कोंडते आणि हवा कोंडली की कचरा सडतो. मुलांनी त्याच संध्याकाळी पाणी काढलं, कोरडी पानं भरली, वर पत्रा टाकला. पाचव्या दिवसापासून वास नव्हता. तरी पुढे दोन आठवड्यांनी, मुलं शाळेत असताना, ड्रम उचलून गच्चीवर नेले गेले. कोणाच्या आदेशाने, ते इतिवृत्तात नाही. आज त्या जागेवर त्याच सभासदांची दुसरी गाडी उभी असते. ही जागा सामाईक आहे, हेही उपविधींतच लिहिलेलं आहे.

या कचऱ्याचं एवढं काय, असं सचिव मला म्हणाले. तो डंपिंग ग्राउंडवर ढिगाखाली दबला की हवेविना कुजतो आणि त्यातून मिथेन निघतो. वीस वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 80 पट उष्णता धरून ठेवतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं 60 टक्के घराघरांतून. म्हणजे आपल्या-तुमच्या स्वयंपाकघरांतून. हे मला या मुलांनी समजावलं, मी नंतर वाचून खात्री करून घेतली.

"दहावीच्या मुलांनी अभ्यास करावा," असंही ऐकवलं गेलं. 2024 हे आजवर नोंदलेलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, औद्योगिकीकरणापूर्वीच्या मानाने दीड अंशाहून जास्त. पुढची साठ-सत्तर वर्षं ही मुलं त्यात काढणार आहेत, आपण नाही. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात 16 मुलं आणि तरुण स्वच्छ पर्यावरणाच्या हक्कासाठी आपल्याच राज्य सरकारविरुद्ध कोर्टात गेले आणि ऑगस्ट 2023 मध्ये जिंकले. आपली मुलं कोर्टात गेली नाहीत. एक अर्ज आणि तीन ड्रम घेऊन आली, आणि त्यांना साधं उत्तरही मिळालं नाही.

आणि हे पहिल्यांदाच घडतंय असं नाही. गच्चीवरची टाकी रोज भरून वाहते, हे मी दोन वर्षं सांगतेय. पाण्याबरोबर पंपाची वीजही वाया जाते. मुलांनी टाकी वाहण्याच्या वेळा लिहून पंपरूमच्या दाराला कागद लावला, तो दुसऱ्याच दिवशी फाडला गेला. जिन्यातले जुने बल्ब काढून एलईडी लावा, त्यांना साधारण चौथा हिस्सा वीज लागते, हा त्यांचा दुसरा अर्ज. तोही फाइलला. माझ्या भिंतीतल्या गळतीचं तर मी या पत्रात काढतच नाही, त्याची वेगळी तीन पत्रं आहेत.

हे माझं एकटीचं मत नाही. माझ्या मजल्यावरची चारही घरं मुलांच्या बाजूने आहेत, वरच्या मजल्यावरचे आजोबा रोज पानं गोळा करून द्यायचे. सही करायला लोक बिचकतात, कारण तळमजल्यावरचे सभासद कार्यकारिणीत आहेत.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. गाडी काढून ड्रम मूळ जागी ठेवावेत. पुढच्या सभेत मुलांना दहा मिनिटं बोलू द्यावं, आणि तेव्हा कोणी फोन बघत बसू नये. ड्रम कोणी हलवले, ते मला लेखी कळवावं. पंधरा दिवसांत यातलं काही झालं नाही तर ड्रम मी माझ्या दारासमोर ठेवून घेईन आणि विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडेन.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरील सभासद

ता. क. : रविवारी आवारातली वाळकी पानं मागच्या कोपऱ्यात पेटवली गेली. ती पानं मुलांनी पोत्यांत भरून ठेवली होती. कृपया निदान ते आजपासून थांबवावं, ड्रम परत लागले की तीच पानं लागणार आहेत.