हरवलेली रॅम शोधून देणाऱ्यांचे आभार

माझ्या संगणकात १६ जीबी रॅमच्या दोन पट्ट्या, आणि बायोसला (संगणक सुरू होताना सुटे भाग तपासणाऱ्या प्रोग्रामला) दिसायची एकच. मदरबोर्ड बदलायच्या बेतात होतो. इथे मदत मागितली, तर तुम्ही मात्र एकेक पट्टी प्रत्येक स्लॉटमध्ये फिरवून बघायला लावलीत. पट्ट्या धडधाकट, एक चॅनेलच, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधली एक वाटच, मुकी! मग कुणीतरी विचारलंत, प्रोसेसरवरचा कूलर एका बाजूने जास्त आवळलाय का? कूलरचा रॅमशी काय संबंध? पण रॅम हाताळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असतो. सॉकेटच्या पिनांवर दाब कमीजास्त पडला की चॅनेल गायब होऊ शकतं. स्क्रू सैल करून सारखे आवळले, ३२ जीबी हजर. वेगाचं कोडं किरकोळ निघालं: एक्सएमपी (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारं बायोसमधलं सेटिंग) सुरू करताच २१३३ च्या वेगावर रेंगाळणारी माझी डीडीआर४ रॅम थेट ३२०० वर. सीपीयू-झेड हे तपासणीचं ॲप १६०० दाखवेल, पण डीडीआर एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते, म्हणून ते दुप्पट धरा, हेही आधीच बजावलंत. नावं ठाऊक नसलेल्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.