क्लीकोंचा डबा परत करताना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचा क्लीकोंचा, म्हणजे पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या खिळ्यांचा, डबा या पत्रासोबत परत पाठवतो आहे. पत्र मुद्दाम उघडं ठेवलं आहे. किट कार, म्हणजे सुटे भाग आणून स्वतः जोडायची गाडी, बांधायला घेतलेलं आणखी कुणीतरी पत्र्याचं पॅनेल हातात धरून मी अडलो तिथेच अडलेलं असेल, आणि तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्यापर्यंतही पोहोचावं असं मनापासून वाटतं.

तुम्हाला पहिला फोन केला तेव्हा डाव्या बाजूचं पॅनेल मी तिसऱ्यांदा उतरवलं होतं. गाडी १९५७ साली आलेल्या लोटस सेव्हनच्या धर्तीची आहे: पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा. माझ्या गाडीत पत्रा १.२ मिलिमीटर जाड, २५ मिलिमीटरच्या चौकोनी नळ्या आणि त्यांची भिंत १.६ मिलिमीटरची. पॅनेल जागेवर धरायला मी सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू वापरत होतो, कारण भोक पाडणं आणि आवळणं एकाच दमात व्हायचं. पण दर वेळी पॅनेल परत चढवलं की पुढचं टोक जुळायचं, मागचं तीन मिलिमीटर खाली उतरायचं आणि मधे पत्र्याला फुगवटा यायचा. मी तुम्हाला विचारलं, याहून चांगले स्क्रू कोणते?

तुम्ही उलट विचारलंत, "शेवटी रिव्हेट कितीची बसणार?"

ताई, या एका प्रश्नासाठीच खरं तर हे पत्र आहे. तात्पुरतं काय लावायचं ते मी हाताशी काय आहे यावरून ठरवत होतो. तुम्ही मला शेवटाकडून मागे यायला लावलंत. बाजूच्या पॅनेलला एक सुताची पॉप रिव्हेट (एकाच बाजूने ओढून बसवायची कायमची खीळ), म्हणजे ३.२ मिलिमीटर, तिला भोक ३.३ चं. माझ्या स्क्रूचे आटे ४.२ मिलिमीटरचे. म्हणजे तात्पुरता म्हणून लावलेला प्रत्येक स्क्रू रिव्हेटची जागा कायमची खाऊन टाकत होता. शिवाय स्क्रूचं टोक नळीत शिरण्याआधी आटे पत्र्यातच पकड घेतात, पत्रा आट्यांवर चढतो आणि नळीपासून उचलला जातो. त्या फटीत ड्रिलचा कीस अडकतो. फुगवट्याचं कारण तिथे होतं आणि मी ते पॅनेलच्या मापात शोधत होतो.

बिघडलेल्या भोकांची वाटही तुम्हीच दाखवलीत. ती बुजवू नका, ४.९ ला साफ करून घ्या आणि तिथे दीड सुताची रिव्हेट मारा, मात्र भोकाचा मध्य पत्र्याच्या काठापासून रिव्हेटच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतरावर हवा. अकरा भोकं होती. दहा बसली. अकराव्यासाठी शेजारी नवीन जागा घेतली.

डबा उघडला तेव्हा आत चार रंग होते आणि तुम्ही ते सुतात सांगितलेत: रुपेरी पाऊण सूत, तांब्याच्या रंगाचा एक सूत, काळा सव्वा सूत, पितळी दीड सूत. इंचाच्या अपूर्णांकांत मी हे कितीदा वाचलं होतं, ३/३२, १/८, ५/३२, ३/१६, पण लक्षात राहिलं ते पाऊण, एक, सव्वा, दीड असं ऐकल्यावर. ज्यांनी क्लीको पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी सांगतो: बोटाच्या पेराएवढी स्प्रिंगची नळी, खाली दोन बारीक आकडे आणि त्यांच्या मधे एक पट्टी. खास पकडीने वरचं टोक दाबलं की आकडे पट्टीच्या पुढे सरकून एकमेकांना चिकटतात आणि भोकातून आत जातात. पकड सोडली की स्प्रिंग त्यांना मागे ओढते, पट्टी त्यांना फाकवते आणि पलीकडच्या बाजूने ते पत्र्याला धरतात. नळी बंद असली, मागे हात पोहोचत नसला, तरी काम होतं. एकाच बाजूने लावायचं, एकाच बाजूने काढायचं, आणि भोक होतं तेवढंच राहतं. विमानांचे पत्रे जोडताना हजारोंनी लागणारी ही वस्तू. तिचं नाव क्लीव्हलँड न्यूमॅटिक टूल कंपनीवरून पडलं, हेही तुमच्याकडूनच कळलं.

साधा क्लीको साधारण सहा मिलिमीटर जाडीपर्यंत धरतो. माझा पत्रा आणि नळीची भिंत मिळून २.८, म्हणजे चिंता नव्हती. मागच्या जागेबद्दल मात्र तुम्ही बजावलं होतंत: पकड दाबली की आकडे आणखी पुढे येतात, तेव्हा मागे काही असेल तर ते अडतील. पेडलच्या खोक्यापाशी नेमकं तेच झालं असतं. आधी काडी घालून खोली मोजली म्हणून वाचलो.

तुमची दोन टप्प्यांची रीत मला सगळ्यात मोलाची वाटते. आधी सगळी भोकं २.५ ची पाडायची, पाऊण सुताचे रुपेरी क्लीको लावत जायचं. पॅनेल पूर्ण चढलं, रेषा डोळ्यांना पटली, की मग एकेक रुपेरी काढून तिथे ३.३ चं बिट चालवायचं आणि तांब्याच्या रंगाचा लावायचा. पहिलं भोक केसभर इकडेतिकडे झालं असेल तर दुसऱ्या बिटाला ते सावरून घ्यायला जागा राहते. खालच्या तळाच्या पत्र्याला दीड सुताच्या रिव्हेट होत्या, तिथे तांब्याच्या रंगाच्यावरून पितळीवर गेलो. शिवाय कुठलं भोक कोणत्या टप्प्यावर आहे ते लांबून रंगावरूनच कळायचं. वही ठेवायची गरज पडली नाही.

आणि सुरुवात मधून. मी टोकांपासून सुरू करायचो, म्हणून सगळी चूक मधे येऊन फुगायची. मधलं एक भोक, एक क्लीको, मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. पत्रा हाताने बाहेर सारत गेलं की उरलेली ढील काठावर निघून जाते आणि तिथे कापून टाकता येते. अॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट पसरतं. एक मीटरच्या पॅनेलला २० अंशांच्या फरकात दोन्हींमधे ०.२ मिलिमीटरहून जास्त तफावत पडते. सकाळी पाडलेली टोकाची भोकं दुपारी उन्हात जुळेनात तेव्हा मी पुन्हा घाबरलो होतो. तुम्ही शांतपणे म्हणालात, "संध्याकाळी लावून बघा." संध्याकाळी क्लीको आपसूक बसले.

मागच्या कोपऱ्यात पत्रा वळतो तिथे स्प्रिंगचे क्लीको त्याला नळीपर्यंत ओढेनात. डब्यात हाताने फिरवून आवळायच्या पंखांच्या नटाचे क्लीकोही होते, ते आवळून पत्रा खाली आणता आला असता. मी लावायला घेतले तेव्हा तुम्ही थांबवलंत. स्प्रिंगला जो पत्रा येत नाही त्याची घडी आधी तपासा, म्हणालात. घडी खरंच दोन अंशांनी कमी होती. ती मोडून पुन्हा घातली आणि साध्या क्लीकोंनी पत्रा निमूट टेकला. जबरदस्तीने खाली आणला असता तर तो ताण रिव्हेटने कायम आत कोंडला असता आणि गाडी हादरत चालताना भोकांच्या काठांवर फुटला असता. स्प्रिंगची कमी ताकद मला उणीव वाटत होती. आता मी तिला मापाचं हत्यार समजतो. पंखांचे नट मी पुढे वापरले, पण इंजिनमागच्या पत्र्याच्या आडभिंतीपाशी, जिथे तीन थर एकत्र येतात आणि मधे चिकट सीलंट दाबून बसवायचं असतं.

कॉकपिटच्या काठाला भोक नकोच होतं. तिथे तुमचे काठावर धरणारे छोटे क्लॅम्प कामी आले, त्याच पकडीने उघडणारे. चुंबकांबद्दल मी साशंक होतो, अॅल्युमिनियमला चुंबक धरत नाही म्हणून. पण मागे पोलादी नळी आहे, १.२ मिलिमीटरच्या पत्र्याआडून ती चुंबकाला ओढतेच. पेन्सिलने खुणा करेपर्यंत पॅनेल तोलून ठेवायला याहून सोयीचं काही सापडलं नाही. ड्रिल सुरू करण्यापूर्वी मात्र ते काढायचेच. नाहीतर पोलादाचा कीस त्यांना चिकटतो आणि चकचकीत पत्र्यावर ओरखडे उमटतात. एक ओरखडा आहे. तो मी तसाच ठेवला आहे.

शेवटच्या चढवणीत तुमच्या रीतीत काहीच बदललं नाही. पॅनेल उतरवलं, भोकांच्या दोन्हीकडच्या बर, म्हणजे ड्रिलने उठलेल्या धारदार कडा, काढल्या, कीस पुसला, नळीवर सीलंटची रेघ दिली. ते नुसतं पाणी अडवत नाही, अॅल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना थेट लागून गंजू नयेत म्हणूनही ते हवं. मग दर तिसऱ्या भोकात क्लीको, मधल्या दोन भोकांत रिव्हेट, आणि सीलंट सुकायच्या आत क्लीको काढून तिथेही रिव्हेट. फुगवटा नाही. मागचं टोक तीन काय, अर्धा मिलिमीटरही खाली नाही. सरळ उजेडात मी कितीतरी वेळ त्या पॅनेलवरून तळहात फिरवत उभा होतो.

गॉगल प्रत्येक वेळी घातला. एक क्लीको पकडीतून निसटून भिंतीवर आदळला तेव्हा तुम्ही त्यावर एवढा जोर का देत होतात ते कळलं.

तुम्ही आयुष्यभर विमानांच्या हँगरमधे जे काम केलंत, त्यात चुकीला जागा नव्हती. तरी माझ्या एका छोट्या गाडीसाठी तुम्ही तासन् तास फोनवर बसलात, फोटोंतल्या भोकांवर गोल काढून परत पाठवलेत आणि एकदाही घाई केली नाहीत. "उतरवा, पुन्हा लावा, पत्रा तक्रार करत नाही," हे तुमचं वाक्य वर्कशॉपच्या फळीवर खडूने लिहिलं आहे. पॅनेल उतरवावं लागलं की पूर्वी मला काम मागे गेल्यासारखं वाटायचं. डावं पॅनेल मी एकूण चौदा वेळा उतरवलं, आणि शेवटच्या सहा वेळा आनंदाने.

डब्यातले सगळे क्लीको मोजून ठेवले आहेत. आकड्यांना लागलेलं सीलंट त्याच दिवशी पुसलं, मग ब्रशने साफ करून तेलाचा हात दिला. तीन तांब्याच्या रंगाच्यांची स्प्रिंग ढिली वाटली. ते वेगळ्या पाकिटात आहेत, आणि त्यांच्या जागी तीन नवे घातले आहेत. तुमच्या पकडीच्या मुठीवरची कापडी पट्टी निघत होती, ती पुन्हा गुंडाळली आहे. तुमच्या हाताला जशी सवय असेल तशी, जुन्याच खुणेपर्यंत.

उजव्या बाजूचं मागचं पॅनेल तेवढं राहिलं आहे. २.५ चं मधलं भोक पाडून ठेवलं आहे आणि त्यात अजून काहीही लावलेलं नाही. तुम्ही याल तेव्हा पहिला क्लीको तुमच्या हातचा.

तुमचा ऋणी,
लाल गाडीवाला